माणूस आणि चिंपांझी: पुनर्संयोगाची ठिकाणे जुळत का नाहीत?

डिचोलीच्या एका हायर सेकंडरीत जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईंचा प्रश्न असा आहे: माणूस आणि चिंपांझी यांच्या डीएनएत जेमतेम सव्वा टक्का फरक असतो असे आम्ही वर्गात सांगतो. मग पुनर्संयोगाचे, म्हणजे गुणसूत्रांमधल्या तुकड्यांच्या अदलाबदलीचे, हॉटस्पॉट (ती वारंवार होते त्या जागा) दोघांत वेगवेगळ्या ठिकाणी कसे? माणसात ज्या १३ अक्षरांच्या मोटिफपाशी पुनर्संयोग होतो तोच मोटिफ चिंपांझीतही त्याच जागी असतो, पण तिथे तो निकामी असतो, असे वाचनात आले. हे कसे? आणि बारावीच्या मुलांकडून यावर काही करून घेता येईल का?

बाई, आधी थोडक्यात सांगतो, मग फोडून सांगतो. मोटिफ म्हणजे काही अक्षरे ठरलेली आणि काही सैल असा डीएनएचा छोटासा क्रम. तो आपणहून काहीच करत नाही. त्याला पीआरडीएम९ नावाचे एक प्रथिन चिकटते आणि पुनर्संयोग कुठे व्हायचा ते बहुतांशी हे प्रथिन ठरवते. माणसातले आणि चिंपांझीतले पीआरडीएम९ इतके वेगळे झाले आहे की एकाला ओळखू येणारा क्रम दुसऱ्याला ओळखू येत नाही. सव्वा टक्क्याच्या सरासरीत हा फरक दिसणार नाही, कारण तो एकाच जनुकाच्या एका टोकाला एकवटलेला आहे. आता हे प्रथिन इतके का बदलले? त्याचे कारण पुनर्संयोगाच्या रीतीतच आहे. हॉटस्पॉट जितका जोमाने वापरला जातो, तितक्या लवकर तो पुसला जातो. मला विचाराल तर वर्गात सांगण्याजोगी खरी गोष्ट ही दुसरी आहे.

शुक्रपेशी आणि अंडपेशी घडवणाऱ्या अर्धसूत्री विभाजनात जोडीतली गुणसूत्रे एकमेकांत तुकडे बदलतात, हे पाठ्यपुस्तकात असते. ही अदलाबदल मोडतोडीने सुरू होते, हे मात्र मुलांना सहसा माहीत नसते. एसपीओ११ नावाचे प्रथिन डीएनएचे दोन्ही धागे मुद्दाम तोडते. माणसाच्या एका जननपेशीत अशा तुटी १५० ते २५०च्या घरात होतात. त्या सगळ्या बुजवाव्याच लागतात आणि बुजवताना जोडीदार गुणसूत्राचा आधार घेतला जातो. त्यातल्या थोड्याच तुटींचा शेवट खऱ्या क्रॉसिंग ओव्हरमध्ये, म्हणजे तुकड्यांच्या प्रत्यक्ष अदलाबदलीत, होतो. आईकडून येणाऱ्या गुणसूत्रसंचात ते सरासरी ४०च्या थोडे वर असतात, वडिलांकडून येणाऱ्या संचात २५-२६. प्रत्येक जोडीत निदान एक तरी व्हावा लागतो, नाहीतर वाटणी चुकते. डाऊन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राची जी चुकीची वाटणी होते तिच्या मागे अनेकदा हे कारण सापडते. उरलेल्या तुटी गाजावाजा न होता भरल्या जातात, पण भरताना जोडीदाराकडची काही अक्षरे इकडे उतरतात. याला जीन कन्व्हर्जन म्हणतात. हे लक्षात असू द्या, पुढे त्याचे फार काम आहे.

हे गोव्यात बसून लिहिताना दामोदर धर्मानंद कोसंबींना वगळून चालणार नाही. सांकवाळच्या धर्मानंदांचे हे चिरंजीव आपल्याला इतिहासकार म्हणून ठाऊक आहेत. पणजीत त्यांच्या नावाने विचार महोत्सव होत आला आहे. पण जगभरच्या जनुकशास्त्राच्या प्रयोगशाळांत ते नाव उच्चारले जाते ते एका सूत्रासाठी. १९४०च्या दशकात, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना, त्यांनी पुनर्संयोगाच्या टक्क्यावरून गुणसूत्राच्या नकाशावरचे अंतर काढण्याची रीत मांडली. हाल्डेन यांचे १९१९चे सूत्र असे गृहीत धरते की एका ठिकाणी क्रॉसिंग ओव्हर झाला म्हणून शेजारी काही फरक पडत नाही. प्रत्यक्षात एकाच्या जवळ दुसरा सहसा होत नाही, आणि कोसंबींनी ही आडकाठी हिशेबात घेतली. आजही जनुक-नकाशा काढायची संगणकप्रणाली उघडली की हाल्डेन हवे की कोसंबी, असा पर्याय पुढे येतो. तुमच्या मुलांना मॉर्गन आणि स्टर्टव्हंट शिकवताना हे जरूर सांगा.

मात्र ही सगळी सूत्रे सेंटिमॉर्गनच्या (एक टक्का पुनर्संयोग होईल एवढ्या अंतराच्या) मापाने चालतात आणि माणसात एक सेंटिमॉर्गन म्हणजे सरासरी १० लाख अक्षरे. त्या सरासरीच्या पोटात काय आहे ते दिसायला आणखी अर्धे शतक जावे लागले. दिसले ते असे की पुनर्संयोग सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. हजार-दोन हजार अक्षरांच्या चिंचोळ्या पट्ट्यांत तो दाटलेला असतो आणि मध्ये लांबच लांब ओसाडी असते. डीएनए फिंगरप्रिंटिंगचे जनक ॲलेक जेफ्रीज यांच्या लेस्टरमधल्या गटाने २००१मध्ये पुरुषांच्या शुक्रपेशींतला डीएनए तपासून एचएलए (प्रतिकारशक्तीच्या जनुकांच्या) भागातल्या अशा पट्ट्या नेमक्या दाखवल्या. २००५मध्ये सायमन मायर्स, गिल मॅकव्हीन, पीटर डॉनेली आणि सहकाऱ्यांनी माणसांच्या जनुकीय वैविध्यावरून सगळ्या जीनोमचा (संपूर्ण डीएनएचा) नकाशा काढला. त्यात २५ हजारांवर हॉटस्पॉट निघाले. पुढे ती संख्या ३० हजारांच्या पलीकडे गेली.

ज्यांनी थॅलेसेमियाच्या कुटुंबांच्या तपासण्या केल्या आहेत, त्यांना हॉटस्पॉट ही कागदावरची गोष्ट वाटत नाही. या आजारात ज्याच्यात दोष असतो त्या बीटा-ग्लोबिन जनुकाला लागूनच एक हॉटस्पॉट आहे. दोष थेट वाचता येत नसेल तेव्हा शेजारच्या खुणांवरून त्याचा माग काढावा लागतो, आणि खूण हॉटस्पॉटच्या पलीकडची असेल तर तिच्यावर विसंबायचे नाही, हे या कामात अगदी आरंभी शिकवले जाते. दोष आणि खूण मधेच फारकत घेऊ शकतात. याच हॉटस्पॉटची दुसरी गंमत २००३मध्ये कळली. ऱ्हीसस मकाक, म्हणजे आपल्या कुळागरांत धुडगूस घालणाऱ्या माकडांचा उत्तरेकडचा भाऊबंद, त्याच्या बीटा-ग्लोबिनजवळ तो सापडलाच नाही. ऱ्हीसस आपल्यापासून दूरचा, म्हणून कुणाला फार नवल वाटले नसावे. पण २००४मध्ये माणसाच्या टॅप२ जनुकातला हॉटस्पॉट चिंपांझीत नाही असे दिसले आणि २००५मध्ये दोन स्वतंत्र गटांनी जीनोममधली अनेक ठिकाणे तपासून तेच सांगितले. २०१२मध्ये अॅडम ऑटन आणि सहकाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या १० चिंपांझींचा डीएनए वाचून त्यांचा बारकाईचा नकाशा काढला, तेव्हा उरलीसुरली शंकाही गेली. माणूस आणि चिंपांझी यांच्यात सामाईक हॉटस्पॉट जवळपास नाहीतच.

आता मोटिफकडे येऊ. २००५च्या नकाशातच सात अक्षरांचा एक क्रम हॉटस्पॉटांत उठून दिसला होता: सीसीटीसीसीसीटी. २००८मध्ये मायर्स आणि सहकाऱ्यांनी तो लांबवून १३ अक्षरांचा केला: सीसी-एन-सीसी-एन-टी-एनएन-सीसी-एन-सी. एन म्हणजे चारपैकी कोणतेही अक्षर. म्हणजे १३ जागांपैकी ८ ठरलेल्या, ५ मोकळ्या. माणसाच्या सुमारे ४० टक्के हॉटस्पॉटांशी या क्रमाचा संबंध लागतो.

इथे फळ्यावर दोन हिशेब करून घ्या. मुलांच्या डोक्यात ते पक्के बसतात. पहिला: ठरलेल्या आठ जागा निव्वळ योगायोगाने जुळायची शक्यता किती? चाराचा आठवा घात ६५,५३६. जीनोममध्ये अक्षरे सुमारे ३०० कोटी आणि धागे दोन, म्हणजे वाचायला सुरुवात करायच्या जागा ६०० कोटी. भागाकार केला की ९० हजारांवर उत्तर येते. म्हणजे केवळ योगायोगानेही हा मोटिफ ९० हजार ठिकाणी असणार आणि हॉटस्पॉट आहेत ३० हजारांच्या आसपास, त्यांतलेही ४० टक्केच याच्याशी जोडलेले. मोटिफ असला की हॉटस्पॉट असलाच पाहिजे, असे नाही हे मुलांना आपसूक कळते.

दुसरा हिशेब तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याचा. माणूस आणि चिंपांझी यांच्यात दर अक्षरामागे फरकाची शक्यता सुमारे १.२ टक्के. आठही ठरलेली अक्षरे दोघांत सारखी असण्याची शक्यता म्हणजे ०.९८८चा आठवा घात, साधारण ०.९१. म्हणजे १०० ठिकाणच्या मोटिफांपैकी ९० दोन्ही प्राण्यांत धडधाकट असायला हवेत. (सी आणि जी शेजारी आले की ती जोडी लवकर बदलते, तेव्हा प्रत्यक्षात आकडा थोडा खाली येईल, पण थोडाच.) इकडे मोटिफ ९० टक्के सामाईक, तिकडे हॉटस्पॉट जवळपास शून्य टक्के सामाईक. अक्षरांत उत्तर असते तर हे शक्यच नव्हते. डीएनएतल्या क्रमाकडे टक लावून पाहणाऱ्यांनी निदान या बाबतीत नजर दुसरीकडे वळवायला हवी होती, आणि ती वळलीही.

त्या वळणावर पीआरडीएम९ सापडले. २०१०च्या फेब्रुवारीत 'सायन्स' साप्ताहिकात तीन गटांचे तीन लेख एकत्र आले. दोघांनी प्रामुख्याने उंदरांच्या वाटेने जाऊन, तर मायर्स यांच्या गटाने माणूस-चिंपांझी तुलनेच्या वाटेने जाऊन याच जनुकावर बोट ठेवले. हे प्रथिन अर्धसूत्री विभाजनाच्या सुरुवातीला बनते. त्याच्या एका टोकाला झिंक फिंगर म्हणतात अशा घड्यांची माळ असते. प्रत्येक फिंगर ढोबळमानाने डीएनएची तीन अक्षरे धरते आणि तिच्यातली नेमकी तीन-चार अमिनो आम्ले कोणती अक्षरे धरायची ते ठरवतात. प्रथिन डीएनएवर बसले की ते शेजारच्या हिस्टोनवर (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनावर) मिथाइलच्या रासायनिक खुणा करते, आणि पुढे एसपीओ११ तिथेच घाव घालते. माणसात सगळ्यात जास्त आढळणाऱ्या ए प्रकारच्या पीआरडीएम९मध्ये १३ फिंगर असतात, आणि त्या कोणता क्रम धरतील याचा अंदाज बांधला तर तो १३ अक्षरी मोटिफाशी जुळतो. चिंपांझीच्या प्रथिनातल्या फिंगरांची अक्षरे धरणारी अमिनो आम्ले वेगळी. त्यामुळे माणसाचा मोटिफ त्याच्या जीनोममध्ये आहे, पण तो धरायला कुणी नाही.

या जनुकाची घडण पाहिली की ते इतके चंचल का, तेही उमगते. प्रत्येक फिंगर २८ अमिनो आम्लांची, म्हणजे डीएनएत ८४ अक्षरांची, आणि ही ८४ अक्षरे थोड्याफार फरकाने एकापाठोपाठ एक पुन्हा पुन्हा येतात. असा पुनरावृत्त डीएनए पुनर्संयोगात नीट जुळत नाही, सरकतो. मग एखादी फिंगर वाढते, एखादी गळते, दोन मिसळून तिसरी तयार होते. जेफ्रीज यांनी ज्या प्रकारच्या डीएनएवर फिंगरप्रिंटिंग उभे केले, तोच हा प्रकार. पुढे त्यांच्याच गटाने शुक्रपेशी तपासून दाखवले की पीआरडीएम९च्या या भागात नवे प्रकार सतत घडतात आणि त्या घडण्यावरही पीआरडीएम९चाच प्रभाव असतो. पुनर्संयोगाच्या जागा ठरवणाऱ्या जनुकाची स्वतःची अक्षरेही पुनर्संयोगच ढवळतो. इतका नमुनेदार योग मी दुसऱ्या जनुकात पाहिलेला नाही.

इथे एक सावधगिरी. 'माणसाचा मोटिफ' हा शब्दप्रयोग आपण सोयीसाठी करतो. युरोपीय वंशाच्या लोकांत ए प्रकार साधारण ८५ टक्के असतो, तर आफ्रिकी वंशाच्या लोकांत निम्म्याच्या आसपास. आफ्रिकेत सी आणि त्याच्या जवळचे प्रकार बरेच आहेत, आणि त्यांचे हॉटस्पॉट दुसऱ्या, १७ अक्षरी क्रमाशी जोडलेले असतात. शेजारी बसलेल्या दोन माणसांचे हॉटस्पॉटही वेगळे असू शकतात. चिंपांझीत तर हे वैविध्य आणखी मोठे. म्हणूनच २०१२च्या नकाशात चिंपांझीसाठी असा एकच ठसठशीत मोटिफ हाती लागला नाही.

आता ज्या गोष्टीला मी खरी गोष्ट म्हणालो तिच्याकडे. समजा एखाद्याच्या गुणसूत्रजोडीत एकावर मोटिफ धडधाकट आहे आणि दुसऱ्यावर त्यातले एक अक्षर बदलून तो निकामी झाला आहे. पीआरडीएम९ बसणार धडधाकट बाजूवर. घाव पडणार तिथेच. आणि दुरुस्ती होणार दुसऱ्या बाजूवरून नक्कल करून. वर्गात ज्याच्या वहीचे पान फाटले त्याने शेजाऱ्याच्या वहीतून ते उतरवून घ्यायचे, असा नियम केला तर शेवटी कुणाचे अक्षर उरेल? ज्याचे पान कधीच फाटत नाही त्याचे. धडधाकट मोटिफ स्वतःला तुटायला लावतो आणि तुटल्यावर निकामी भावंडाची प्रत स्वतःवर चढवून घेतो. त्यामुळे पुढच्या पिढीत निकामी रूप निम्म्याहून थोडे जास्त जाते. पिढ्यान्पिढ्या हे चालले की हॉटस्पॉट विझतो. जेफ्रीज आणि रिटा नॉयमन यांनी २००२मध्ये माणसाच्या एका हॉटस्पॉटवर हा झुकाव प्रत्यक्ष मोजून दाखवला होता.

मग सगळे हॉटस्पॉट केव्हाच संपून जायला हवे होते. पुनर्संयोगाशिवाय तर भागत नाही. हे कोडे १९९७मध्येच मांडले गेले होते. 'हॉटस्पॉटचा विरोधाभास' म्हणून ते ओळखले जाते. नैसर्गिक निवड एकेक हॉटस्पॉट का वाचवत नाही, असे मुले विचारतील. वाचवण्याइतका एकेकाचा फायदाच नसतो. एक विझला तर क्रॉसिंग ओव्हर शेजारच्या ठिकाणी होतो, गुणसूत्राचे काही अडत नाही. पीआरडीएम९ सापडल्यावर कोड्याची उकल नजरेत आली. चांगले मोटिफ झिजत जातात, प्रथिनाला बसायला भक्कम जागा कमी होतात, आणि मग फिंगर बदललेला एखादा नवा प्रकार आला तर त्याच्यासमोर अजून न झिजलेल्या हजारो जागा असतात. तो पसरतो. जुन्या मोटिफांचे जे उरले असेल ते तसेच पडून राहते, कारण आता त्यांना कुणी तोडत नाही. एका जनुकात दोन-चार अक्षरे बदलली की साऱ्या जीनोमचे हॉटस्पॉट एका दमात दुसरीकडे जातात.

हे सगळे तर्काने पटले तरी पुरावा हवा. मायर्स यांनी तो टीएचई१बी नावाच्या जुन्या रेट्रोट्रान्सपोझॉनच्या (जीनोमभर स्वतःच्या प्रती पसरवणाऱ्या डीएनएच्या तुकड्याच्या) प्रतींमधून काढला. माणूस आणि चिंपांझी वेगळे होण्याच्या कितीतरी आधी या प्रती जीनोममध्ये विखुरल्या आहेत, त्यामुळे एकच प्रत दोघांत त्याच जागी सापडते. त्यातल्या काहींत मोटिफ आहे, काहींत नाही. माणसात मोटिफ असलेल्या प्रतींपाशी पुनर्संयोग उसळतो, चिंपांझीत त्याच प्रतींपाशी काहीच होत नाही. आणि कुणाकडे मोटिफ मोडला हे पाहायला तिसरा प्राणी साक्षीला घेतला की दिसते: माणसाच्या शाखेत तो मोडण्याचे प्रमाण चिंपांझीच्या शाखेपेक्षा जास्त. चिंपांझीत तो वापरातच नव्हता, मग मोडणार कशाला? वापरला तिथे झिजला. मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत देखणा पुरावा वाटतो, कारण तो उलट दिशेने येतो. एरवी जीनोममध्ये एखादा क्रम महत्त्वाचा असेल तर तो जपलेला दिसतो. इथे महत्त्वाचा आहे म्हणूनच तो नाहीसा होताना दिसतो.

ही झीज किती जुनी, याचाही अंदाज बांधला गेला. माणूस आणि चिंपांझी यांच्या वाटा फुटल्याला ६०-७० लाख वर्षे झाली. २०१४मध्ये फ्रान्समधल्या एका गटाने डेनिसोव्हन या लोप पावलेल्या मानवाच्या डीएनएशी तुलना करून दाखवले की आजच्या माणसाचे हॉटस्पॉट डेनिसोव्हनमध्ये नव्हते, आणि आजच्या मोटिफवर सुरू असलेली झीज साधारण ७ ते १३ लाख वर्षांपलीकडची नाही. म्हणजे चिंपांझी तर दूरच राहिला, आपल्या सख्ख्या चुलत शाखेशीही आपले हॉटस्पॉट जुळत नाहीत.

उंदरांत या प्रकरणाला आणखी एक फांदी आहे. २००९मध्ये प्राग येथील यिर्झी फोरेय्त यांच्या गटाने दाखवले की दोन उपजातींच्या उंदरांच्या संकरातून होणारे नर वांझ निघतात, त्याला कारणीभूत जनुक पीआरडीएम९च आहे. कारण वर सांगितले त्यातूनच निघते. प्रत्येक उपजातीच्या पीआरडीएम९ने स्वतःच्या जीनोममधल्या जागा झिजवलेल्या असतात, दुसरीच्या जीनोममधल्या त्याच जागा शाबूत असतात. संकरात ते प्रथिन परक्या गुणसूत्रावर जास्त बसते, तुटी एकतर्फी होतात, गुणसूत्रांची जुळणी बिघडते. २०१६मध्ये उंदराच्या पीआरडीएम९ला माणसाच्या फिंगर जोडल्या, तर संकरित नर पुन्हा प्रजननक्षम झाले. माणसाच्या फिंगरांनी उंदराचा जीनोम कधी झिजवलाच नव्हता, त्यामुळे दोन्ही बाजू त्यांना सारख्या. यावरून माणूस आणि चिंपांझी पीआरडीएम९मुळेच वेगळे झाले असे मात्र मुलांना सांगू नका. तसा पुरावा नाही, आणि वर्तमानपत्री मथळ्याचा मोह इथे फार जवळ असतो.

बारीक नकाशा असा मुळापासून बदलला तरी लांबून पाहिले तर माणूस आणि चिंपांझी यांचे नकाशे बरेच सारखे दिसतात. लाखो अक्षरांच्या पट्टीने मोजले की ज्या भागांत एकाचा पुनर्संयोग जास्त, तिथे दुसऱ्याचाही बहुधा जास्त. गुणसूत्रांच्या टोकांकडे वाढता, मध्यबिंदूजवळ कमी. गुणसूत्राची लांबी आणि रचना हे ठरवते, पीआरडीएम९ फक्त त्या भागातली नेमकी जागा निवडते. याला अपवाद दुसऱ्या गुणसूत्राचा. चिंपांझीची दोन वेगळी गुणसूत्रे माणसाच्या वंशात टोकाला टोक जोडून एक झाली. चिंपांझीत जे अजून टोक आहे तिथे पुनर्संयोग जास्त. माणसात तेच ठिकाण मधोमध आले आणि तिथला दर उतरला. तुम्ही गुणसूत्रे शिकवताना हे जोडप्रकरण सांगत असालच, त्यात ही एक ओळ घालायला हरकत नाही.

पीआरडीएम९ शिवाय चालते का? चालते. कुत्र्यांत हे जनुक मोडलेले आहे, पक्ष्यांत नाहीच, वनस्पतींतही नाही. आपल्या खाजनातल्या कोरगुट भाताचे पुनर्संयोग त्याच्याशिवायच होतात. अशा जिवांत तुटी बहुधा जनुकांच्या सुरुवातीच्या भागांकडे जातात आणि त्या जागा लक्षावधी वर्षे टिकतात. २०१५मध्ये झेब्रा फिंच आणि तिच्या नात्यातल्या दुसऱ्या एका फिंचचे नकाशे काढले तेव्हा दोघींचे हॉटस्पॉट मोठ्या प्रमाणात जुळले. ज्यांच्याकडे पीआरडीएम९ नाही त्यांचे हॉटस्पॉट टिकतात आणि ज्यांच्याकडे ते आहे त्यांचे टिकत नाहीत, ही तुलना वरच्या सगळ्या युक्तिवादाला बाहेरून आधार देते. उंदरांतून ते काढून टाकले तर उंदीर वांझ होतात. पण २०१६मध्ये ब्रिटनमधल्या पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबांच्या अभ्यासात एक आई अशी निघाली की तिच्यात या जनुकाची एकही चालू प्रत नव्हती.

आता मुलांसाठी. यूसीएससी जीनोम ब्राउझर हे प्राण्यांचे जीनोम पाहण्याचे संकेतस्थळ फुकट आहे आणि शाळेच्या संगणकावर चालतो. त्यात पुनरावृत्त डीएनएचा पट्टा चालू केला की टीएचई१बीच्या प्रती नावानिशी दिसतात, आणि अनेक प्राण्यांची जुळणी दाखवणारा पट्टा चालू केला की माणूस, चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान आणि ऱ्हीसस एकाखाली एक येतात. मुलांना जोडीजोडीने प्रती वाटून द्या. मोटिफ उलट्या धाग्यावर असेल तर तो जी-एन-जीजी-एनएन-ए-एन-जीजी-एन-जीजी असा दिसेल, हे आधी फळ्यावर लिहून ठेवा, नाहीतर निम्मे मोटिफ मुलांच्या नजरेतून सुटतील. प्रत्येक ठिकाणी वहीत एवढेच नोंदवायचे: माणसात शाबूत की मोडलेला, चिंपांझीत शाबूत की मोडलेला. सोबत ताडून पाहण्यासाठी तीच आठ अक्षरे वेगळ्या क्रमाने मांडून एक खोटा मोटिफ तयार करा आणि त्याचीही तशीच मोजणी करून घ्या. त्यात दोन्ही रकाने साधारण सारखे यायला हवेत. वर्गाएवढ्या मोजणीत फरक ठळक दिसेलच असे नाही, म्हणून सगळ्या जोड्यांच्या नोंदी एकत्र करूनच पाहा, आणि जमले तर दोन-तीन वर्षांच्या वर्गांच्या नोंदी साठवत जा. प्रती निवडताना मात्र एक पथ्य पाळा, कारण सगळा प्रयोग तिथेच फसतो. माणसाच्या डीएनएत मोटिफ शोधून ती ठिकाणे घेऊ नका. तसे केले तर माणसात मोडलेली ठिकाणे यादीत येणारच नाहीत आणि झीज चिंपांझीकडे आहे असे उलटे चित्र दिसेल. ओरांगउटान आणि ऱ्हीसस या दोघांतही जिथे मोटिफ शाबूत आहे, तीच ठिकाणे घ्या, आणि मग वर माणसाच्या ओळीकडे पाहायला सांगा.